पडद्यावरची आफ्रिका (भाग ६) : बंदुकीच्या धाकातलं टिंबक्टू

वाळूवरून एक हरीण जिवाच्या आकांताने धावतं आहे. मागे काळा झेंडा लावलेली गाडी आणि तिच्यात बंदूकधारी. त्यांतला एकजण बाकीच्यांना बजावतो, हरणाला मारायचं नाही, फक्त दमवायचं. पुढच्याच दृश्यात गोळ्या झाडल्या जातात त्या लाकडी मूर्तींवर. अब्देर्रहमान सिसाको यांचा ‘टिंबक्टू’ (२०१४) इथून सुरू होतो.

सिसाको यांचा जन्म १९६१ मध्ये मॉरिटानियात झाला. बालपण मालीत गेलं आणि सिनेमाचं शिक्षण मॉस्कोत झालं. २०१२ मध्ये मालीचा उत्तर भाग सशस्त्र जिहादी गटांच्या हाती गेला. टिंबक्टूत संगीत बंद झालं, फुटबॉल बंद झाला, संतांच्या जुन्या कबरी कुदळींनी फोडल्या गेल्या. त्याच वर्षी अगेलहोक या गावात, लग्नाविना एकत्र राहिल्याबद्दल एका जोडप्याला दगडांनी ठेचून मारण्यात आलं. जगाने त्या बातमीकडे फारसं पाहिलं नाही. सिसाको यांना मात्र ती सोडेना, आणि त्या अस्वस्थतेतून हा चित्रपट उभा राहिला. २०१३ च्या जानेवारीत फ्रेंच आणि मालियन सैन्याने टिंबक्टू सोडवलं, तरी तिथे चित्रीकरण करणं धोक्याचंच होतं. म्हणून बराचसा चित्रपट सीमेपलीकडे, मॉरिटानियातल्या वालाता या जुन्या वाळवंटी गावात चित्रित झाला.

कथा साधी आहे. किदान हा तुआरेग पशुपालक बायको सतिमा आणि मुलगी तोया यांच्यासह शहराबाहेर तंबूत राहतो. त्याची लाडकी गाय, जिचं नाव जीपीएस, एका कोळ्याच्या जाळ्यात शिरते. कोळी तिला भाला मारतो. जाब विचारायला गेलेल्या किदानच्या हातून झटापटीत गोळी सुटते. हा प्रसंग सिसाको फार लांबून दाखवतात. सूर्य मावळतीला आलेला, एक माणूस पाण्यात कोसळलेला आणि दुसरा धडपडत नदी ओलांडणारा. कॅमेरा जवळ जातच नाही. चेहरे दिसत नसल्यामुळे प्रेक्षकाला कुणाची बाजू घेता येत नाही, एक माणूस गेला एवढंच समोर उरतं. छायालेखक सोफियान एल फानी यांचं हे काम एवढ्या एका दृश्यासाठीही पाहावं.

चित्रपटातलं सर्वांत धारदार निरीक्षण भाषेचं आहे. राज्य करायला आलेल्यांना तिथल्या लोकांशी बोलताच येत नाही. अरबी, तमाशेक, बांबारा, फ्रेंच, इंग्रजी असं सगळं दुभाष्यांच्या तोंडून फिरत राहतं. किदानच्या जिवाचा फैसलाही दुभाष्यामार्फतच होतो. हे बंदूकधारी राक्षस नाहीत. एकजण चोरून सिगारेट ओढतो. फुटबॉलवर बंदी घालणारेच आपसात झिदान आणि मेस्सीवर वाद घालतात. प्रचाराच्या व्हिडिओसाठी कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या तरुणाला, आपण रॅप सोडून इथे का आलो, हे पटेल असं सांगताच येत नाही. आणि शहरातली पोरं? ती चेंडूशिवाय फुटबॉल खेळतात. गोल होतो, जल्लोष होतो, पहारेकऱ्यांची मोटारसायकल आली की सगळे एकदम कवायत करू लागतात.

कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत २०१४ मध्ये चित्रपट दाखल झाला. मुख्य ज्युरीने त्याला काहीच दिलं नाही, ख्रिस्ती सर्वपंथीय (एक्युमेनिकल) ज्युरीचा पुरस्कार मात्र मिळाला. डिसेंबरमध्ये तो फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला आणि महिन्याभरातच, ७ जानेवारी २०१५ ला, पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर जिहादी हल्ला झाला. त्यानंतर चित्रपटाभोवतीची हवाच बदलली. पॅरिसजवळच्या विलिये-स्युर-मार्न या गावच्या महापौरांनी, दहशतवादाचं उदात्तीकरण होईल या भीतीने, चित्रपट न पाहताच त्याचं प्रदर्शन थांबवलं. ज्या चित्रपटात मशिदीत शस्त्रं घेऊन शिरलेल्यांना स्थानिक इमामच शांतपणे हुसकावतो, त्याच्यावर हा आरोप! टीका झाल्यावर महापौरांना मागे यावं लागलं.

फेब्रुवारीत फ्रान्सच्या सेझार चित्रपट पुरस्कार सोहळ्यात ‘टिंबक्टू’ने सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह ७ पुरस्कार पटकावले. ऑस्करच्या नामांकनात मॉरिटानियाचं नाव प्रथमच आलं, पुरस्कार मात्र पोलंडच्या ‘इडा’कडे गेला. आफ्रिकन सिनेमाचं माहेरघर असलेल्या, बुर्किना फासोची राजधानी वागाडूगूतल्या फेस्पॅको महोत्सवात सुरक्षेच्या धास्तीने तो वगळला जाण्याची वेळ आली होती. अखेर कडक बंदोबस्तात तो दाखवला गेला.

कौतुकाइतकेच आक्षेपही बोलके होते. जिहादींना माणसासारखं दाखवून सिसाको त्यांना सौम्य करतात, असं काही समीक्षकांना वाटलं. हा आक्षेप टिकत नाही. दगडफेकीचं दृश्य काही सेकंदांचंच आहे, पण वाळूत मानेपर्यंत पुरलेली ती दोन डोकी पाहिलेला माणूस यात सौम्य काही शोधू शकणार नाही. उलट, हे करणारी माणसं आपल्यासारखीच आहेत हे कळल्याने भीती वाढते. दुसरा आक्षेप जड आहे. सिसाको तेव्हा मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांचे सांस्कृतिक सल्लागार होते, आणि त्या देशात गुलामगिरीविरुद्ध लढणारे कार्यकर्ते तुरुंगात होते. शेजारच्या देशातल्या जुलमावर बोलणाऱ्या दिग्दर्शकाला घरच्या प्रश्नाबद्दल विचारणं रास्तच होतं. त्याने चित्रपटाची किंमत कमी होत नाही, पण तो प्रश्न फ्रान्समधल्या टाळ्यांच्या गजरात दबून जायला नको होता.

पुढच्या भागात सेनेगलचे उस्मान सेंबेन आणि त्यांनी ऐंशी पार केल्यावर पूर्ण केलेला ‘मूलादे’.