तिसऱ्या दिवशी केस पेपर उघडताना

हॉस्पिटलात प्रतिजैविकं जपून कशी वापरावीत हे शिकवायचं ठरलं की पहिली धाव सभागृहाकडे असते. तासभर व्याख्यान, पडद्यावर आलेख, मग चहा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीच औषधं तशीच लिहिली जातात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं आहे की नुसत्या व्याख्यानांवर विसंबू नये. हे शिक्षण खाटेजवळच व्हावं लागतं.

त्याची सुरुवात सिस्टर आणि नवे रेसिडेंट यांच्यापासून करावी, कारण रक्ताचं कल्चर त्यांच्या हातून जातं. ते प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी घ्यायचं. औषध एकदा रक्तात उतरलं की बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता घटते आणि पुढचं सगळं अंदाजाने चालतं. प्रात्यक्षिकात बारकावे दाखवावेत: कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यायची, पुसलेल्या जागी पुन्हा बोटाने शीर चाचपायची नाही, मोठ्या माणसाचं दर बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरायचं आणि तेही दोन वेगळ्या जागांहून. घाईत कातडीवरचा जंतू बाटलीत शिरला तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि रुग्णाला नाहक व्हॅन्कोमायसिन चढतं. मात्र सेप्सिसने रक्तदाब कोसळला असेल तर कल्चरसाठी औषध अडवायचं नाही. पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. हे त्याच धड्यात सांगितलं नाही, तर 'जपून द्या' याचा अर्थ 'उशिरा द्या' असा घेतला जातो.

औषध कोणतं निवडायचं, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तीन गट केले: सर्रास वापरायची, नजर ठेवून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, मेरोपेनेम दुसऱ्यात, कोलिस्टिन तिसऱ्यात. सेफ्ट्रायाक्झोनही दुसऱ्या गटात आहे, हे ऐकून बरेच डॉक्टर चमकतात, इतकं ते हाताशी बसलेलं असतं. याच्या जोडीला आपल्याच हॉस्पिटलात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, याचा तक्ता मायक्रोबायोलॉजी विभागाकडून घेऊन वॉर्डात लावावा.

सगळ्यात मोलाचा धडा ४८ ते ७२ तासांनंतरचा. समजा, साठीच्या बाई मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापल्या होत्या, प्रकृती गंभीर होती, म्हणून मेरोपेनेम सुरू झालं. ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरलाय, बाई जेवताहेत, आणि कल्चरमध्ये कोट्रायमोक्साझोलला दाद देणारा ई. कोलाय आलाय. शिकवणारा केस पेपर उघडून रेसिडेंटला विचारतो, "मॅडम, मेरोपेनेम आता कशासाठी चालू ठेवायचं?" उत्तर ठरलेलं असतं: "सर, पेशंट सुधारतेय, मग हात कशाला लावायचा?" इथे दटावून काही साधत नाही. भीती खरी आहे, म्हणून रिपोर्ट एकत्र वाचावा. मेरोपेनेम आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं, त्यांच्या जागी दाद न देणारे वाढतात. शिरेतली सुई जितके दिवस राहील तितका नव्या संसर्गाचा धोका. मूत्रपिंडं आणि पोटॅशियम ठीक असेल, तर गोळीवर आणता येतं. मग बदलाचं कारण आणि औषध थांबवण्याची तारीख रेसिडेंटने स्वतः लिहायची. ही तारीख लिहिण्याची सवय लागली तरी मी प्रशिक्षण यशस्वी मानेन.

शस्त्रक्रिया विभागाचा धडा छोटा आहे, पण पचायला जड. संसर्ग टाळण्यासाठीचं सेफाझोलिन चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत द्यायचं. बहुतेक ऑपरेशनांना एक डोस पुरतो. टाके निघेपर्यंत इंजेक्शनं चालू ठेवल्याने जखम अधिक सुरक्षित होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. रेसिडेंट लिहितो ते युनिटच्या सरांच्या मनातलं. त्यामुळे वरिष्ठांनी राउंडमध्ये स्वतः 'हे आज बंद करू' म्हटल्याशिवाय खालचा हात धजावत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१८ मध्ये हॉस्पिटलांसाठी या कामाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा आधार घेऊन वरिष्ठ डॉक्टर, मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मासिस्ट आणि सिस्टर यांची समिती नेमता येते. समितीने दर महिन्याला प्रत्येक युनिटला त्याचेच आकडे दाखवावेत: दर हजार रुग्ण-दिवसांमागे प्रतिजैविकांचे किती दिवस झाले, किती केस पेपरांवर कारण आणि थांबवायची तारीख होती. रेसिडेंटची नवी तुकडी आली की कल्चरच्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात करायची.