बाइंडरने फाडलेली पानं

जुन्या ग्रंथालयात 'किर्लोस्कर' किंवा 'स्त्री' मासिकाचा बांधीव खंड उघडला की कथा सापडतात, लेख सापडतात. जाहिराती मात्र पुष्कळदा नसतात. वर्षाचे अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठं आणि पुढची-मागची जाहिरातींची पानं काढून टाकायची, अशी बाइंडरची रीतच होती. मजकूर राहिला म्हणजे अंक राहिला, ही तेव्हाची समजूत. आज संग्राहक नेमके त्याच पानांच्या शोधात असतात आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. त्या काळी मराठी घरात काय शिजत होतं, काय परवडत होतं, कशाची हौस होती, हे त्या पानांवर कथांपेक्षा जास्त नेमकं उतरलं आहे.

आपल्या मासिकांना जाहिरात कधीच परकी नव्हती. शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली काढलेली 'किर्लोस्कर खबर' ही नांगर बनवणाऱ्या कारखान्याची पत्रिका होती. तिचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आलं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, अफगाण स्नो, गोदरेजचा साबण ही त्या पिढीच्या घरातली रोजची नावं. १९४१ साली पदवीधर नटी म्हणून गाजलेल्या लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नटी.

सुटं पान हाती आलं की पहिला प्रश्न सालाचा. किंमत रुपये-आण्यांत असेल, तर पान बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचं. 'न. पै.', म्हणजे नये पैसे, छापलं असेल तर त्यानंतरचं. जून १९६४मध्ये 'नये' गळालं आणि नुसते पैसे उरले. पत्ता 'मुंबई ४' एवढ्यावरच थांबत असेल, तर पान १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड येण्यापूर्वीचं असण्याचा संभव मोठा. वजन तोळ्यात आहे की ग्रॅममध्ये, तेही बघावं. एकाच खुणेवर मात्र विसंबू नये, कारण चित्राचा तोच ठसा वर्षानुवर्षं वापरला जाई. मागच्या बाजूचा मजकूर वाचावा; अर्धवट क्रमशः कादंबरीसुद्धा साल सांगून जाते.

काही पानांचा कोपरा तुटक रेषेवर कापलेला असतो. बाजारात अशा पानाची किंमत पडते, पण मला तेच जास्त मोलाचं वाटतं. कुण्या घरातल्या बाईने ते कूपन कापलं, पोस्टाची तिकिटं जोडली आणि पाककृतींची पुस्तिका मागवली असेल. जाहिरात वाचली गेली याचा याहून चांगला पुरावा कुठला?

घरगुती कागदांचं मोल जाहिरातींहूनही उशिरा कळलं. लग्नात वाटलेली मंगलाष्टकं, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, वाण्याच्या याद्या, मुंबईत १९४३ साली रेशनिंग आल्यानंतरची कार्डं हे सगळं काम झालं की टाकूनच द्यायचं असे. डालडाचा झाडाचं चित्र असलेला पिवळा डबा तेवढा टिकला, पण त्यात तुळस लावल्यामुळे बहुतेक डब्यांचे तळ गंजले.

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट ही या मालाची ओळखीची ठिकाणं. तिथली एक गोष्ट मनाला लागते: अख्खा अंक असताना त्यातल्या जाहिराती कापून, फ्रेम करून विकायच्या. बाइंडरने मजकूर ठेवून जाहिराती टाकल्या, इथे जाहिराती ठेवून मजकूर रद्दीत जातो. अंक दोन्हीकडून मोडतो.

म्हणून एक विनंती. माळ्यावर आजीचे दिवाळी अंक किंवा मासिकं असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती एकदा चाळा. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. अंक ओल आणि उन्हापासून दूर, आडवे ठेवा. घरी जागा नसेल तर जवळच्या ग्रंथालयाला द्या आणि देताना जाहिरातींच्या पानांसकटच जपा, असं बजावून सांगा.