मानवंदना दुचाकीवरून

पुण्याहून लष्कराची गाडी निघाल्याचा निरोप आला, की गावातली पोरं मोटारसायकली घेऊन फाट्यावर जमतात. तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव पोचलं की गाडीपुढे त्यांची रांग लागते. दिवे लावलेले, वेग पायी चालणाऱ्याचा, आणि ‘अमर रहे’च्या घोषणा. शहीद जवानाला गावात आणण्याची ही रीत सातारा-सांगलीकडे आता रुळली आहे.

अंत्यसंस्कारापूर्वी जवान शवपेटीवरचा तिरंगा उतरवतात, नेटकी घडी घालतात आणि वीरपत्नीच्या किंवा आईच्या हाती देतात. राष्ट्रध्वज चितेवर ठेवायचा नसतो. मग हवेत फैरी झडतात, गर्दी पांगते. पुढच्या महिन्यांत त्या घराकडे वळणाऱ्या गाड्या मात्र विरळ होत जातात. म्हणूनच वर्षं उलटल्यावर स्मृतिदिनी निघणाऱ्या दुचाकी रॅलीचं मोल मोठं आहे.

अशी घरं या भागात किती, ते सातारा तालुक्यातल्या अपशिंग्यात कळतं. या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात इथले 46 जवान कामी आले आणि इंग्रज सरकारनं गावात त्यांचं स्मारक उभारलं. फौजेत जाण्याची परंपरा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

साताऱ्याजवळचं पोगरवाडी हे कर्नल संतोष महाडिक यांचं गाव. सातारच्या सैनिक स्कूलचे ते विद्यार्थी. 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. सरकारनं त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र दिलं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईत खडतर प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्याही लष्करात अधिकारी झाल्या.

शहिदांसाठी मोटारसायकली काढण्याची प्रथा जगात इतरत्रही आहे. व्हिएतनाम युद्धातले युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिक विस्मृतीत जाऊ नयेत, म्हणून 1988 पासून वॉशिंग्टनमध्ये ‘रोलिंग थंडर’ ही रॅली निघू लागली. 2019 पर्यंत तिथे दर मे महिन्यात दुचाकीस्वारांचा महापूर लोटत असे. आपल्याकडे कारगिल विजयाला 25 वर्षं झाली तेव्हा, जून 2024 मध्ये, लष्करानंच मोहीम काढली. दिंजान, द्वारका आणि धनुष्कोडी या तीन टोकांहून तीन तुकड्या निघाल्या आणि दिल्लीमार्गे द्रासला पोचल्या.

गावपातळीवरच्या रॅलीलाही शिस्त लागते. पोलिसांना आधी कळवायचं. पुढे रस्ता माहीत असलेला चालक, सर्वांत मागे पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी घेतलेला जाणता माणूस. मधले चालक अगदी एकामागे एक न राहता थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे चालतात, म्हणजे अचानक ब्रेक दाबायला जागा उरते. हेल्मेट प्रत्येकाला हवंच. सायलेन्सर काढून फटफटाट करणं शहिदाच्या नावाला शोभत नाही. तिरंग्याचाही मान राखायचा असतो. वाहनाच्या टपावर किंवा बाजूंवर तो पांघरायला ध्वजसंहितेची मनाई आहे.

आणि रॅली कुठे जाते, याला सर्वांत महत्त्व आहे. शहरातल्या चौकातून चौकात फिरण्यापेक्षा ती गावात गेली, तर तरुणांना नावामागचा माणूस कळतो. सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीचे शिपाई पांडुरंग साळुंखे 15 मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 1971च्या युद्धात पंजाब सीमेवरच्या बुर्जच्या लढाईत त्यांनी शत्रूच्या रॉकेट लाँचरवर झेप घेतली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. सांगलीतल्या दुचाकीस्वारांनी 16 डिसेंबरच्या विजय दिनी मणेराजुरीची वाट धरावी, साताऱ्यातल्यांनी 17 नोव्हेंबरला पोगरवाडीची. सोबत शाळकरी मुलांना न्यावं, गावातल्या माजी सैनिकांना बोलतं करावं, आणि वीरपत्नींची पेन्शनची, दाखल्यांची कामं अडली असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्यांच्यासोबत खेपा घालाव्यात.