गोळी कुठे जाऊन थांबते?

2023 च्या एप्रिल महिन्यात मी अमेरिकेत मुलीकडे होतो. ती राहते आयडाहो राज्यातल्या बॉयसी या गावी. शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत. पलीकडच्या ऑरेगन राज्यात त्यांच्या भावाची शेती आहे, मुख्य पीक लसूणघास. एका शनिवारी ते विचारायला आले, की उद्या शेतावर खारी मारायला जातोय, तुमच्या मुलाला बरोबर नेऊ का? नातवाचे वय चौदा. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचा तिकडचा वर्ग त्याने पुरा केला होता आणि त्याचा एक पाय दाराबाहेर होता. मुलगी मात्र गप्प झाली. शेवटी म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही जाऊन बघून या. मग ठरवू."

बँकेत असताना कर्ज देण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी करणे हे माझे काम. निवृत्तीनंतरही ते सुटलेले नाही, असे दिसते.

सौभाग्यवतींना खारी मारणे हेच मुळी पटले नव्हते. "रामाने पाठीवरून बोटे फिरवली त्या त्या!" ही खार वेगळी. झाडावर चढत नाही, जमिनीत बिळे करून राहते आणि वसंत ऋतूत शेकड्यांनी वर येते. लसूणघासाचे कोंब खाऊन शेतात टकले पट्टे पाडते, बिळांच्या मातीच्या ढिगांवर कापणीयंत्राची पाती मोडतात. आपल्याकडे रानडुकरांनी भुईमूग उकरला की शेतकऱ्याचे जे होते, तेच तिथे होते.

माझी काळजी निराळी होती. तिचे मूळ 1986 साली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो तिथे आहे. हापूसच्या एका बागायतदाराकडे पाहणीला गेलो होतो. संध्याकाळी कुंपणाशी डुकरे आली. घरात पीक राखायची, परवान्याची ठासणीची बंदूक होती. "मारत नाही साहेब, नुसता जमिनीत बार काढतो, पळतील," असे म्हणून त्यांनी खाली नेम धरला. जमीन म्हणजे कोकणातला कातळ. बार झाला, आणि पाठोपाठ कानाजवळून भुंगा जावा तसा आवाज गेला. शिशाची गोळी कातळावर आपटून उसळली आणि गोठ्याच्या चौकटीत जाऊन रुतली. आत त्यांच्या घरच्या बाई म्हशीची धार काढत होत्या. हातभर अंतर. अहवालात मी "कलमांची स्थिती समाधानकारक" एवढेच लिहिले. रात्री जेवण गेले नाही.

लहानपणी तळ्यावर आपण खापरी तिरकी फेकतो आणि ती टप्पे खात पलीकडे जाते. गोळीचेही तेच. पाणी, दगड, टणक जमीन यांना ती निमुळत्या कोनात लागली की आत शिरत नाही, घसरून पुढे जाते; आणि कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

म्हणून शेजाऱ्यांना पहिलाच प्रश्न केला, गोळी कोणती? त्यांनी दोन पाकिटे आणून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. एक आपल्याकडेही ठाऊक असलेल्या पॉइंट टू-टूचे, दुसरे पॉइंट सेव्हन्टीनचे. हे दुसरे काडतूस 2002 साली बाजारात आले. वजने ग्रेनमध्ये होती, चाळीस आणि सतरा. सोनेतारण कर्जे दिलेल्या माणसाला ग्रेन परका नाही. तोळा म्हणजे 180 ग्रेन, हे प्रमाण 1833 मध्ये कंपनी सरकारने ठरवलेले. तेव्हा पहिली गोळी एकवीस गुंजांची, दुसरी जेमतेम नऊ.

मला वाटले, लहान ती सौम्य. चूक! पहिली साध्या शिशाची, गोल नाकाची. वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. ती आपटली तरी सहसा फुटत नाही, अखंड उसळते. म्हणून स्वस्त आणि पोरांच्या हातातली असूनही टप्पा खाण्यात तीच बदनाम. दुसरीचा वेग दुपटीहून जास्त. वर तांब्याचे पातळ कवच, टोक पोकळ आणि त्यात प्लास्टिकची इवलीशी खुंटी. कशालाही लागली की खुंटी आत दाबली जाते, कवच फाटते आणि गोळीचा चुरा होतो. चुऱ्याला उसळायला अंगच उरत नाही. याहून मोठ्या पॉइंट टू-टू-थ्रीमध्येही शेतासाठी अशीच फुटणारी गोळी घेतात. लष्करी धाटणीची, पूर्ण कवचाची गोळी स्वस्त मिळते, पण ती न फुटता पुढे जाते.

गंमत अशी, की लागल्यावर पसरणारी गोळी आपल्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यामुळे जगभर बदनाम झाली आणि 1899 च्या हेग परिषदेने युद्धात तिला बंदी केली. रणांगणावर जी क्रूर, तिचीच जातभाई शेताच्या बांधावर शेजाऱ्याला वाचवणारी!

पण शेजारी शिक्षक, त्यांनी लगेच उणी बाजूही सांगितली. हलकी गोळी लांब जाताना वेग गमावते, वाऱ्याने सरकते, आणि वेग उतरला की फुटण्याची खात्री उरत नाही. म्हणून दीडशे यार्डांपलीकडे ते झाडत नाहीत. दुसरे दुखणे शिशाच्या चुऱ्याचे. मेलेली खार शिकारी पक्षी उचलतात, चुरा पोटात जातो आणि विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने तर 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. शिसे नसलेल्या फुटणाऱ्या गोळ्या मिळतात, महाग पडतात. त्यांच्या भावाने अजून त्या घेतल्या नाहीत, हे मला आवडले नाही. तसे मी बोलूनही दाखवले.

रविवारी शेतावर गेलो. वाऱ्यात हात गोठत होते. शेजारी एका उंचवट्यावर बसले, म्हणजे नळीचे तोंड खाली राहते आणि गोळी मातीत शिरते. आधी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले. खारी नव्हे, खारींच्या मागचे. भुसभुशीत बांध मागे असेल तरच बार. पाणी द्यायचे लोखंडी नळ, साचलेले पाणी, दगडांची रास, यांच्या दिशेला नाही. ढिगावर उभी राहिलेली खार सर्वांत सोपी, पण तिच्यामागे नुसते आकाश. तिलाही नाही.

दुपारी एक खार अगदी समोर येऊन उभी राहिली, पन्नास पावलांवर. त्यांनी नेम धरला आणि बोट काढून घेतले. मला काही दिसेना. त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली. खारीच्या मागे, पार लांब, भावाच्या घराचा पत्रा चमकत होता.

रात्री मुलीने विचारले, "काय बघितलंत?" मी तिला ती न झाडलेली गोळी सांगितली. पुढच्या रविवारी नातू गेला. पहिल्या दिवशी त्याच्या हाती फक्त दुर्बीण द्यायची, ही अट शेजाऱ्यांचीच होती. तो थोडा रुसला होता.