अठ्ठ्याहत्तरीचा गळा

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या मैफलीत गेली वीसेक वर्षं एक गाणं होत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’. १९७० साली आलेल्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बममधलं हे दहा मिनिटांचं गाणं चाहत्यांना जीव की प्राण, पण गायक इयन गिलनने ते कायमचं बाजूला ठेवलं. या गाण्यात शब्द संपतात, आलापासारखा एक सूर हलकेच सुरू होतो, पायरीपायरीने चढतो आणि शेवटी त्याची किंकाळी होते. ती किंकाळी सेकंदाला सुमारे ८८० कंपनांची. साधं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडझाप करतात. म्हणजे इथे सातपट वेग, तोही ड्रम आणि ऑर्गनच्या गदारोळावर मात करत. हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा गिलनला पंचवीस पुरी व्हायची होती.

जुलै २०२४ मध्ये याच बँडचा ‘=१’ अशा गणिती नावाचा अल्बम आला. गायक तोच, वय अठ्ठ्याहत्तर. आवाज ओळखू येतो, पहिल्या ओळीतच येतो. पण तो आता मधल्या सुरांत वावरतो, बोलल्यासारखा गातो, शब्द चघळतो, चेष्टा करतो. जुन्या उंचीची किंकाळी मारायच्या फंदात तो पडत नाही. या चोपन्न वर्षांत त्याच्या वयाच्या कोणत्याही माणसाच्या गळ्यात काय काय घडतं, ते पाहिलं की या गाण्याचा ढंग नीट कळतो.

स्वरतंतू हे नाव जरा फसवं आहे. ते तारेसारखे नसतात. श्वासनलिकेच्या तोंडाशी समोरासमोर असलेल्या त्या दोन घड्या आहेत, पुरुषांत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या. मिनोरू हिरानो या जपानी डॉक्टरने १९७० च्या दशकात त्यांची थरांची रचना उलगडून दाखवली. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग लवचीक धाग्यांचा, मग चिवट धाग्यांचा आणि तळाशी स्नायू. फुप्फुसातली हवा खालून दाब देते तेव्हा वरचे मऊ थर तळच्या स्नायूवरून लाटेसारखे सरकतात. आवाजाचा गोडवा, त्याची झळाळी त्या लाटेत असते.

वय वाढतं तसा हाच मऊ भाग बिघडतो. लवचीक धाग्यांचा गुण जातो, चिवट कोलॅजन वाढून त्याच्या गाठी घट्ट होतात, ओलावा धरून ठेवणारं हायलुरोनिक आम्ल कमी होतं. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकचं होतं तेच. ताणलं तर ताणलं जातं, पण परत येत नाही. तळचा स्नायूही बारीक होतो. मग दोन्ही घड्या मिटल्या तरी मध्ये फट राहते आणि तिच्यातून हवा सुटत राहते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज पोकळ, हवेशीर का वाटतो, त्याचं उत्तर या फटीत आहे. डॉक्टरांच्या भाषेत या अवस्थेला प्रेसबायफोनिया म्हणतात.

उंच सुरांची गोष्ट आणखी अवघड. वरचा सूर लावायचा तर स्वरतंतू ताणून पातळ करावे लागतात. त्यासाठी स्वरयंत्रातल्या दोन मोठ्या कूर्चा एकमेकींवर कलतात. कंठमणी म्हणून पुरुषाच्या गळ्यावर दिसतो तो त्यांच्यातल्याच एकीचा उंचवटा. ऐन तारुण्यापासून या कूर्चांचं हळूहळू हाड व्हायला लागतं. साठी-सत्तरीपर्यंत त्यांचे सांधे पूर्वीइतके सहज फिरत नाहीत. शिवाय श्वास. पंचविशी-तिशीनंतर जोराने बाहेर टाकता येणारी हवा दरवर्षी साधारण वीस-तीस मिलिलिटरने घटते. पन्नास वर्षांचा हिशेब केला तर लिटरभर किंवा त्याहून जास्त दमसास गेला. फटीतून हवा सुटते आणि मुळात हवाच कमी, अशा दुहेरी तुटीत लांब, उंच, जोरकस सूर सर्वांत आधी हातचे जातात. मधले सूर मात्र बराच काळ टिकतात. ‘=१’ मध्ये गिलन नेमका तिथेच गातो.

आणि इथे एक गंमत आहे. म्हातारपणी आवाज खाली जातो असं आपण धरून चालतो. बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर तसं होतंही. पुरुषांचा बोलण्याचा सूर मात्र उतारवयात बहुधा वर चढतो, कारण स्वरतंतू बारीक झालेले असतात. याचा भक्कम पुरावा एका रेडिओ निवेदकाने नकळत देऊन ठेवला. बीबीसीवर ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ सादर करणारे ॲलिस्टर कुक १९४६ पासून २००४ पर्यंत बोलत राहिले. त्यांच्या जुन्या-नव्या ध्वनिफिती ध्वनिशास्त्रज्ञांनी मोजल्या, तेव्हा सूर आधी वर्षानुवर्षं उतरत गेलेला आणि अखेरच्या काळात पुन्हा चढलेला आढळला. एकच गळा, अर्धशतकाहून अधिक नोंदी. असं साधन प्रयोगशाळेत उभं करता येत नाही. अल्बममागून अल्बम काढणारे रॉक गायक हेही असंच साधन आहेत. त्यांच्याकडे या नजरेने फारसं पाहिलं जात नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

अर्थात नियमाला छेद देणारेही आहेत. गायक लेनर्ड कोहेनचा १९६७ चा पहिला अल्बम आणि २०१६ चा ‘यू वाँट इट डार्कर’ पाठोपाठ ऐका. आवाज चढायच्या ऐवजी पाताळात गेलाय. कोहेन वर्षानुवर्षं सिगारेट ओढत असे, आणि दीर्घ धूम्रपानाने तो जेलीसारखा थर सुजतो, जड होतो. जड वस्तू सावकाश कंपते. त्यात मायक्रोफोनची भर. ठराविक दिशेचा आवाज टिपणारा मायक्रोफोन ओठांना चिकटवला की खर्ज आपोआप फुगतो. ब्याऐंशी वर्षांचा कोहेन पाठीच्या दुखण्यामुळे घरीच, खास खुर्चीत बसून गायला. निर्मितीची बाजू मुलगा ॲडमने सांभाळली. अल्बम आल्यावर तीन आठवड्यांच्या आत कोहेन गेला. शीर्षकगीताला २०१८ साली उत्कृष्ट रॉक सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं, आणि त्यात किंचाळण्याचा एकही सूर नाही.

वयाशी तडजोड करायची तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पट्टी उतरवणं. आपल्याकडच्या बुजुर्ग गवयाने अर्धा-एक सूर खाली षड्ज धरला तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. रॉकमध्ये भानगड गिटारची असते. गाण्याचा सांगाडा विशिष्ट तारांवर आणि त्यांच्या मोकळ्या नादावर उभा असतो. पट्टी उतरवायची तर तारा सैल कराव्या लागतात आणि वाद्याचा रंगच बदलतो. तरीही करतात. डिसेंबर २००७ मध्ये लंडनला लेड झेपलिन या रॉक बँडची गाजलेली पुनर्भेट मैफल झाली, तिथे गायक रॉबर्ट प्लँटसाठी अनेक गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली गेली. प्लँट तेव्हा एकोणसाठचा होता.

कानांचाही प्रश्न आहेच. गायक आपला सूर कानाने सांभाळतो, आणि रॉकवाल्यांचे कान आयुष्यभर भोंग्यांसमोर भाजलेले. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. २०२० च्या ‘पॉवर अप’ या अल्बममध्ये तो परतला.

स्टुडिओत यातलं किती झाकता येतं? सूर चुकला तर १९९७ पासून उपलब्ध असलेलं ऑटो-ट्यून तो जागेवर आणतं. दम पुरत नसेल तर ओळ तुकड्यातुकड्यांत गाऊन जोडता येते. पण फटीतून सुटणारी हवा असं सॉफ्टवेअर भरून काढत नाही. उलट आवाज एकसारखा करणारी यंत्रं ती फुसफुस आणखी पुढे आणतात. त्यामुळे पंचविशीचा मुखवटा चढवलेले उतारवयातले अल्बम कानाला खोटे वाटतात: सूर तरुण, श्वास म्हातारा. गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ सोडलं हा मला त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत सुरेल निर्णय वाटतो. भावनेच्या भरात वर्षातून एकदा ते रेटून गाणं त्याला अवघड नव्हतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. पण ताण देऊन मारलेल्या एका किंकाळीने सुजलेले स्वरतंतू पुढच्या चार मैफली खातात.

गळ्याच्या या झिजेवर काहीच इलाज नाही असं मात्र नाही. रोज थोडं, ताण न देता गाणं किंवा मोठ्याने वाचणं, भरपूर पाणी, तंबाखू बंद आणि वाणी-उपचार तज्ज्ञाने शिकवलेले आवाजाचे व्यायाम, यांनी अनेकांना फरक पडतो. फट मोठी असेल तर हायलुरोनिक आम्लाचं किंवा शरीरातल्याच चरबीचं इंजेक्शन देऊन स्वरतंतू भरीव करता येतात, काही वेळा शस्त्रक्रियेने त्यांना मध्याकडे सरकवता येतं. मात्र घरातल्या कुणाचा आवाज घोगरा होऊन तीन आठवड्यांत सुधारला नाही, विशेषतः ती व्यक्ती तंबाखू किंवा सिगारेट घेत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. स्वरयंत्राच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण बऱ्याचदा एवढंच असतं, आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते.