बालकादंबरीचा पुरस्कार : पोरांना कोण विचारतो?

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो. मराठीत 2019 साली सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला, 2022 साली संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला, तर 2024 साली भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला तो मिळाला. नावांवरूनच कळते, तिन्हींचा बाज निराळा. तेव्हा बक्षिसाला पात्र कादंबरी कोणती, यावर वाचकांत मतभेद होणारच.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील वाचकमित्रांतही दोन तट आहेत. एक म्हणतो, पोरांना गंमत हवी, साहस हवे. सामाजिक उपदेश त्यांच्या माथी मारू नका. दुसरा विचारतो, कळंब-भूमहून आईबापामागे ऊसतोडीला जाणारे पोर या पुस्तकांत आहे कुठे? असलेच तर कीव करण्यापुरते!

आमच्या मते हे भांडणच खोटे आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखिकेच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' या कादंबरीला 1977 साली न्यूबेरी पदक मिळाले. गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली पुस्तके काळ्या मुलांना दिली जातात आणि पहिलीतला एक पोरगा ते पुस्तक नाकारतो. उपदेश नाही, रडगाणे नाही. पोरे मात्र पुस्तक खाली ठेवत नाहीत. स्वाभिमान आणि गंमत एका पुस्तकात सुखाने नांदतात, ते असे.

खरा प्रश्न आहे, ठरवतो कोण? अकादमीत प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक असतात. तिघेही मोठी माणसे. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, त्या पोराला मतच नाही!

याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हा धडा त्यांचाच. तो वाचनाला का लागू नये? जयंतीच्या डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढा. चार बालकादंबऱ्या विहारात आणा, मोठ्याने वाचा. पोरांना चिठ्ठी टाकून मत देऊ द्या, कारणही लिहू द्या. एखाद्या मुलीने लिहिले, "यात आमची वस्ती नाही", तर तिच्या हाती कोरी वही द्या. उद्याची पुरस्कारपात्र कादंबरी कदाचित तीच लिहील.