साग आपल्या बांधावरचा, टेबल मात्र शहरातला

ऊर्जानगर : २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरच्या आगारातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत निघाला. चंद्रपुरात मिरवणूक पाहायला ही गर्दी. आलापल्ली, बल्लारपूरच्या सागाचं नाव देशभर आहे, त्यात नवल नाही. पण याच जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत जाऊन बसा. खुर्ची प्लास्टिकची, टेबल पत्र्याचं, कपाट भुशाच्या फळीचं, तेही एका पावसाळ्यात फुगलेलं. गावचा वाढई तिफण-वखराची दुरुस्ती करत बसला आहे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून तीही कमीच.

विचारलं की उत्तर ठरलेलं : बारीक कामाला मशीन लागते, लाईनचा भरवसा नाही. ऊर्जानगरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याच्या चिमण्या दुरून दिसणाऱ्या गावातही हेच ऐकायला मिळतं! खरं तर सुबक काम मशीनवर अडत नाही. ते अडतं धारेवर आणि साच्यावर.

धारेचं आधी. सागात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. साणेवर घासताना कोन हलला की धार गोल होते. अंश मोजायचं यंत्र नको. धारेचा उतार पात्याच्या जाडीच्या दुप्पट लांब ठेवला की तो बरोबर ३० अंशांचा होतो. त्याच उताराची लाकडी पाचर एकदा कापून ठेवावी आणि दर वेळी पातं तिच्यावर टेकवून पाहावं.

दुसरा साचा रंधापाटीचा. रुंद फळीवर थोडी अरुंद फळी ठोकायची, तिच्या टोकाला काटकोनात एक आडवी पट्टी. लाकूड पट्टीला टेकवून धरायचं आणि रंधा खालच्या फळीवर आडवा झोपवून चालवायचा. टोक सरळ आणि काटकोनात निघतं, हात नवशिक्याचा असला तरी. पाट खरी आहे का, हे गुण्याशिवायही कळतं. दोन पट्ट्यांची टोकं तिच्यावर रंधा, एक पट्टी उलटी करा, दोन्ही सरळ कडेला लावून टोकं भिडवा. फट दिसली तर पाटीतली चूक त्या फटीच्या निम्मी समजा आणि पट्टी तेवढी सरकवा.

जोडाचं काम मात्र सबुरीचं. कुसू लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाचं ठेवावं. त्यासाठी भोक पाडताना पटाशी तिरकी जाते, तिथंच सगळा घोटाळा. रेघेला लागून काटकोनी ठोकळा आवळून धरला आणि पटाशीची पाठ त्याला चिकटवून मारली, तर भोक उभं उतरतं. खुंटी मारायची तर आणखी एक जुनी युक्ती आहे. बाहेरच्या लाकडाला आरपार छिद्र पाडा, कुसू आत घालून त्यावर खूण करा, कुसू बाहेर काढा आणि त्यातलं छिद्र खुणेपेक्षा अर्धा सूत खांद्याकडे सरकवून पाडा. खुंटी ठोकली की जोड आपोआप ओढला जातो. डिंक नसला तरी हलत नाही. डिंक लावायचाच तर सागाला तेल असतं हे विसरू नका. नुकत्या रंधलेल्या लाकडावर लगेच लावावा.

शाळेसाठी वीस बाकं करायची, म्हणजे ऐंशी पाय. प्रत्येक पाय टेपने मोजला तर ऐंशी मापं होतील, बाकं डुलतील. एका काठीवर सगळ्या खुणा करा, करवतीच्या घोडीवर अडकण ठोका, आणि मोजमाप पहिल्या पायालाच करा.

लाकूड कोणतं वापरायचं, हा प्रश्न उरतो. बांधावरचा साग सातबाऱ्यावर नोंदलेला असावा. स्वतःचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी आणि नंतर वाहतूक पास लागतो. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज धरला, म्हणून मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये बांबूच्या पासचं पुस्तक मिळालं. साग त्यात बसत नाही. रात्री कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर जप्तीत माल जातो आणि हत्यारंही जातात. आगारातला माल लिलावाने सुटतो. एकट्या वाढयाला तो झेपत नसेल तर चौघांनी मिळून घ्यावा. सरपंच-ग्रामसेवकांना एवढंच सांगणं, बाक-कपाटाची दरपत्रकं मागवता तेव्हा एक गावातूनही मागवा.

शेवटी हवामानाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि ऑगस्टमध्ये भिंतीला ओल. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत मात्र आखडतं-फुगतं. दोन फुटी टेबलाची फळी चारी बाजूंनी खिळे ठोकून आवळली तर ती फाटणारच. फळी चौकटीला मधोमध पक्की करा, कडेला लाकडी गुटके खाचेत मोकळे बसवा. दाराच्या खोबणीतली फळी बिनडिंकाची ठेवा. उन्हाळ्यात जोडणी असेल तर फुगायला एक-दोन सूत जागा सोडावी. पावसाळ्यात जोडत असाल तर फळी खोबणीत तेवढी जास्त खोल जाऊ द्यावी, म्हणजे उन्हाळ्यात आखडली तरी फट उघडी पडत नाही.